ओला परत आलेला कोट

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या कर्लिंग क्लबच्या सर्वेसर्वा बिर्नाबाई. व्यासपीठावर विराजमान झालेले पाद्री आर्नी, ज्यांनी आपल्या सिनेमात तळ्याची भूमिका अजरामर केली. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, आणि ज्यांना निरोप द्यायची आपल्यापैकी एकाचीही इच्छा नाही, असे आदरणीय लारूस ओड्सन. त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक आस्टा. पहिल्या रांगेत, हीटरच्या सगळ्यात जवळची खुर्ची पटकावून बसलेल्या माझ्या सासूबाई लाउगा अम्मा. आणि ब्रेदाविकच्या रसिक, चिवट, लाल नाकांच्या माझ्या गावकऱ्यांनो,

सुरुवात करण्यापूर्वी एक विचारते. बाहेर गाड्यांच्या वायरी सगळ्यांनी नीट लावल्यात ना? माझं भाषण संपेपर्यंत कुणाचं इंजिन गोठलं तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल. बिर्नाने मला बजावलंय, "लेस्या, थोडक्यात आवर, मागे मासे गरम ठेवलेत." मी प्रयत्न करीन. पण लारूस ओड्सन हा माणूस थोडक्यात आवरण्यासारखा आहे का, हे तुम्हीच सांगा.

तसं पाहिलं तर या माणसाबद्दल बोलायचा मला काय अधिकार? मी या गावातली नव्हे. विनिपेगच्या युक्रेनियन घरातली पोर मी. लेफीशी लग्न करून इथे आले आणि पहिल्याच नाताळात केकवर साखरेचा लेप दिला. आलुबुखाराच्या थरांचा तो केक लेपाशिवायच खायचा असतो अशी या गावातल्या अर्ध्या घरांची श्रद्धा आहे, आणि माझं सासर नेमकं त्या अर्ध्यातलं. लाउगा अम्माने केक बघितला, सुरी घेतली, लेप खरवडून काढला आणि म्हणाली, "आता खायला हरकत नाही." त्या दिवसापासून मी या गावाची झाले. त्या दिवशी समोर बसून पोट धरधरून हसणारा पाहुणा कोण होता, माहीत आहे? हेच लारूस. अंगात पायजमा, वर फरचा कोट, पायात दोन वेगवेगळे बूट. नातेवाइकांपैकी कुणी असावेत म्हणून मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर ते म्हणाले, "सूनबाई, तुझा चेहरा मतमोजणी करणाऱ्या बाईसारखा आहे. जपून ठेव." मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. आजही मला तसंच वाटतं, पण आता मी ते अभिमानाने सांगते.

तरुणपणी लारूस गाव सोडून शहरात गेले आणि चाळिशी उलटल्यावर एक जुना कॅमेरा घेऊन परत आले. बंद पडलेल्या मासळीच्या गोदामात बिऱ्हाड थाटलं. कॅमेरा थंडीने अडून बसायचा म्हणून त्याला लोकरीचं स्वेटर घालायचे आणि रात्री पांघरुणात घेऊन झोपायचे. लहानसहान सिनेमे काढायचे, ते आम्ही बघायचो आणि घरी जाताना एकमेकांना विचारायचो, "तुला काही कळलं?" एकात तर शेवटपर्यंत फक्त एक बाई बटाटे सोलत होती आणि बटाटे रडत होते. ती बाई बिर्नाच होती! आणि खरं सांगते, मी हसले खूप, पण पुढे कितीतरी दिवस बटाटा हातात घेतला की जरा जपूनच सोलायचे.

मग ती वार्षिक सभा आली. याच हॉलमध्ये. छत गळत होतं, म्हणजे आजही गळतंय, ती बादली बघा. छताच्या दुरुस्तीवर वादावादी करून सगळे दमले. शेवटी "आणखी काही विषय?" असं विचारल्यावर लारूस उठले आणि म्हणाले, "मला आपल्या बुडालेल्या सभासदांवर सिनेमा काढायचाय. विनोदी."

त्या भिंतीवरचे पाच फोटो तुम्ही सगळे येता-जाता बघता. तळ्यावरच्या बर्फाखालची मासळीची जाळी काढायला गेले आणि परत आले नाहीत, सापडलेही नाहीत, असे आपले पाच जण. त्यांच्याबद्दल तेव्हा आपण बोलत नव्हतो. आपण त्या भिंतीकडे पाठ करून कॉफी प्यायचो. आणि हा माणूस म्हणतो, विनोदी!

गुस्ती उठला. आपला गुस्ती, मागच्या रांगेतला, आत्ता टोपी पुढे ओढून लपतोय तोच. म्हणाला, "लारूस, तुला बाहेर बर्फात गाडू की इथेच?"

लारूस शांतपणे म्हणाले, "आधी क्लबचा नियम वाच. सभासदाने राजीनामा दिला किंवा त्याचं दफन झालं तरच सभासदत्व जातं. या पाचांनी राजीनामा दिला नाही. त्यांचं दफन झालं नाही. म्हणजे ते सभासद आहेत. मग छताच्या ठरावावर त्यांना मत नको?"

नियम आपणच केलेला. बिर्नाने नियम काढून बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि म्हणाली, "तांत्रिकदृष्ट्या लारूसचं बरोबर आहे." तिथून 'बुडालेल्या सभासदांची सभा' या सिनेमाचा जन्म झाला.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तरी आस्टासाठी सांगते, कारण ती गावापासून लांब वाढली आणि बापाचा सिनेमा तिने एकदाच, तोही उशीखाली तोंड लपवून बघितलाय. छत दुरुस्तीची सभा भरलेली असते. बुडालेले पाच जण बर्फातून वर येतात, पाणी गाळत मागच्या रांगेत बसतात आणि छताच्या विरोधात मत देतात. त्यांना गळक्या छताचा काय त्रास? ठराव अडतो. गाव त्यांना जेवू घालतं, पत्ते खेळायला बसवतं, समजावतं, ते काही ऐकत नाहीत. शेवटी गाव त्यांना फसवून एका गाडीत बसवतं. कुठली गाडी? आपली नेहमीचीच. दर वर्षी इंजिन काढलेली खटारा गाडी आपण बर्फावर ठेवतो आणि वसंतात ती कधी बुडेल यावर अख्खं गाव पैज लावतं, ती. गाडी बुडते, काठावरचे टाळ्या वाजवतात, छताचा ठराव मंजूर होतो. लिहिलेला शेवट असा होता. आपण सगळ्यांनी तो वाचला होता आणि तो आपल्यापैकी एकालाही आवडला नव्हता.

आता कलाकारांची गोष्ट. लारूसनी ठरवलं, बुडालेल्यांची कामं त्यांच्या पोरांनी करायची. माझा नवरा लेफी सहा वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील मार्च महिन्यातल्या एका सकाळी बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीतून जाळी काढायला गेले. त्यांचा चर्चला जायचा चांगला कोट दारामागच्या खुंटीवर राहिला, तो राहिलाच. लाउगा अम्मा तो दर शनिवारी ब्रशने साफ करायची. निळ्या काठाचा त्यांचा कप रोज सकाळी टेबलावर मांडायची, दुपारी उचलून धुवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा चुकून त्या कपात कॉफी ओतून घेतली. कुणी मला रागावलं नाही. अम्मा नुसती उभी राहिली, आणि मी ती कॉफी सिंकमध्ये ओतून दिली. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे. 'तो', 'ह्याचा', 'ह्याला' एवढंच. आणि तळ्याकडच्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला. तळ्याच्या काठावर घर, आणि घरातून तळं दिसायची सोय नाही!

अशा घरी लारूस आले. मी शेगडीपाशी होते. अम्मा केक कापत होती.

"काय हवंय?" अम्माने मान वर न करता विचारलं.

"कोट."

"अंगावर आहे तो काय आहे? पडदा?"

"हा नाही अम्मा. तो. खुंटीवरचा."

सुरी थांबली. मी मनात म्हटलं, आता लारूसच्या अंगावर काहीतरी येणार, केक किंवा सुरी.

"कुणाला घालणार?"

"लेफीला."

"आणि लेफी काय करणार?"

"सभेत बसेल. छताच्या विरोधात मत देईल."

अम्मा म्हणाली, "तो विरोधात नसता गेला. क्लबच्या छतासाठी चर्चमध्ये पहिली वर्गणी त्यानेच दिली होती."

"मग बाजूने देऊ दे," लारूस लगेच म्हणाले.

पुढे परदेशातल्या एका मोठ्या विद्वानाने लिहिलं की चार बुडालेले विरोधात आणि एक बाजूने, यात मानवी अस्तित्वाचा फार खोल अंतर्विरोध आहे. असेलही बाबा. आम्हाला एवढंच माहीत की माझ्या सासऱ्यांनी छतासाठी वर्गणी दिली होती.

तर अम्माने कोट स्वतः काढून दिला. देताना म्हणाली, "परत यायला हवा. ह्याच खुंटीवर. आणि कोरडा."

"कोरडा," लारूस म्हणाले.

शेवटच्या पानावर गाडी बुडते हे मला माहीत होतं. मी लारूसकडे बघितलं. लारूस केककडे बघत होते. बाहेर अंगणात मी त्यांना गाठलं. "तुम्ही म्हातारीला शब्द दिलात?" त्यांनी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "दिलाय आणि पाळणार. बुडवायच्या वेळी दुसरा कोट. चर्चच्या बायका हुबेहूब शिवतायत." मी म्हटलं, "कमी-जास्त झालं तर या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही." ते म्हणाले, "कमी-जास्त झालं तर मी या गावातच पाय ठेवणार नाही." एवढं मोठं वचन या माणसाने दुसरं कुणालाही दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

चित्रीकरणाचे दिवस आठवतात ना? बाहेर डोळ्यांच्या पापण्या चिकटतील अशी थंडी, आणि इथे आत, कर्लिंगचे दगड सरकवायच्या बर्फावर आपण पाण्याखालून चालायची तालीम करतोय! लारूस मासळीच्या डब्याचा कर्णा करून ओरडायचे, "सावकाश! पाणी जड असतं! गुस्ती, तू बुडालायस, बसस्टॉपवर उभा नाहीयेस!" पाद्री आर्नींना करड्या घोंगडीखाली झोपवून तळं केलं होतं. आर्नींनी विचारलं, "एवढं खरं तळं बाहेर असताना मी कशाला?" लारूस म्हणाले, "ते तळं फार गर्विष्ठ आहे, मी सांगितलेलं ऐकत नाही." आर्नी तीन आठवडे घोंगडीखाली श्वास घेत पडून राहिले, आणि त्यांची त्या वर्षीची प्रवचनं फारच सुधारली, हे मी त्यांच्यासमोरच सांगते.

हसण्याच्या मध्येच एक दिवस असा आला, की लेफीने तो कोट घातला. बटणं काही केल्या लागेनात. सगळे खिदळले, बिर्ना म्हणाली, "लेस्या, नवऱ्याला उकडलेलं खायला घाल." लेफीही हसला, मग आरशात बघून म्हणाला, "माझा बाप एवढा बारीक होता?" आणि तिथेच खाली बसला. वडील गेले तेव्हा होते त्यापेक्षा तो आता वयाने मोठा होता, आणि ते त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं होतं. मला त्याचा फार कळवळा आला. लारूसनी कॅमेरा बंद केला, त्याच्याशेजारी बर्फावर बसले आणि दोघं तिथेच बसून राहिले. तो प्रसंग सिनेमात नाही. वेडा माणूस असला तरी काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांना कळत होतं, म्हणून मी त्यांना मोठा कलावंत मानते.

आता मुख्य दिवस. एप्रिल. बर्फ काळपट पडायला लागलं होतं. जिवंत माणसाला गाडीत बसवायचं नाही, हे क्लबने ठणकावून सांगितलं होतं, म्हणून आपणच पेंढा भरून पाच बाहुले केले. गुस्तीने त्यांच्या पोटात पेंढा कोंबला, बिर्नाने टोप्या शिवल्या. गाडी काठापासून थोडी आत. पैजेसाठी नेहमीप्रमाणे गाडीला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक धक्क्यावरच्या घड्याळाला. गाडी बुडाली की घड्याळाची वायर ओढली जाऊन ते बंद पडणार, आणि अर्धं डुक्कर ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा त्याला मिळणार.

सकाळी जवळून चित्रं घ्यायची म्हणून एका बाहुल्याला खरा कोट घातला होता. दुपारी तो काढून चर्चच्या बायकांचा कोट चढवायचा, असं ठरलं होतं. पण त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला. आपण सगळे काठावर कॉफी पीत होतो, लारूस कॅमेऱ्यामागे पाव खात होते. आणि लाउगा अम्मा आली होती. लारूसवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून कोट स्वतः घरी न्यायला आली होती. खुर्ची तळ्याकडे पाठ करून मांडलेली, तोंड गाड्यांच्या रांगेकडे. काठावर येणं हेच तिच्यासाठी खूप होतं.

आणि बर्फ वाजलं.

तो आवाज या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अम्मा उठली, वळली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने तळ्याकडे बघितलं. गाडीचं नाक पाण्यात गेलेलं, मागच्या काचेतून कोट दिसत होता. ती ओरडली. "कोट आत आहे" असं ओरडली नाही. ती माझ्या सासऱ्यांचं नाव घेऊन ओरडली, "स्टाइनी आत आहे!"

मित्रहो, आत पेंढा होता. आपणच भरलेला. गाडी बुडावी म्हणूनच ठेवलेली, तिच्या बुडण्यावर आपण तिकिटं घेतलेली. दुसऱ्या कुठल्याही गावातली माणसं काठावर उभी राहिली असती, कदाचित लिहिल्याप्रमाणे टाळ्याही वाजवल्या असत्या. पण आपल्या माणसांना कुणी 'आत आहे' म्हणालं की डोकं चालत नाही, पाय चालतात. कपबशा पडल्या. गुस्ती पहिला. फळ्या आल्या, दोर आले, शिडी आली. पोटावर झोपून, एकमेकांचे घोटे धरून साखळी झाली. "झोपून! झोपून सरका!" "लेफी, दोर सोडू नको रे!" आणि त्या सगळ्यांच्या पुढे, करडी घोंगडी पांघरलेलं प्रत्यक्ष तळं बुडणाऱ्यांना वाचवायला धावत सुटलेलं!

कोटवाला एकटा बाहेर काढून कुणी थांबलं का? नाही. पाचही काढले. काचा फोडून काढले. काठावर आणले, आर्नींनी घोंगडी काढून त्यातल्या एकावर घातली. बिर्ना एका पेंढ्याच्या हाताला चोळत होती आणि म्हणत होती, "ऊब येईल, ऊब येईल." मी स्वतः एकाच्या तोंडाशी ब्रँडी नेली, तेव्हा कुठे लक्षात आलं की त्याला तोंड काढायचं आपण विसरलो होतो. आणि तेवढ्यात गुस्ती, जो अजून पाण्यात हातपाय मारत "मला ओढा, मला ओढा" करत होता, तो उभा राहिला. पाणी छातीपर्यंत होतं.

या सगळ्या गडबडीत कुणाचा तरी पाय घड्याळाच्या दोरीत अडकला आणि घड्याळ गाडी पुरती बुडायच्या आधीच बंद पडलं. अर्ध्या डुकराचा तंटा आजतागायत मिटलेला नाही. गुस्ती, तू हात वर करू नकोस, आज तो विषय नाही.

आणि लारूस? लारूस कॅमेऱ्यामागे उभे होते. त्यांचा शेवट डोळ्यांदेखत मोडला होता. वर्षभराची मेहनत. मला वाटलं आता हा माणूस कर्णा घेऊन आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. पण ते डाव्या बाहीने डोळे पुसत होते आणि उजव्या हाताने कॅमेरा फिरवत होते. तुम्ही पडद्यावर जो शेवट बघता, तो हा. ते नंतर आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, "मी क्रूर शेवट लिहिला होता. माझ्या नटांनी ऐकलं नाही." बुडणाऱ्या गाडीच्या टपावर येऊन बसलेल्या पेलिकन पक्ष्यावरही विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तो पेलिकन स्वतःच्या मर्जीने आला होता.

मग त्यांनी कॅमेरा ठेवला आणि अम्माकडे गेले. ती काठावर गुडघ्यांवर बसली होती, कोटाची बटणं लावत होती. पेंढ्याला बटणं बरोबर लागत होती. लारूस टोपी काढून उभे राहिले. मी जवळ होते, म्हणून सांगते.

"अम्मा, कोरडा आणतो म्हटलं होतं. नाही जमलं. मी उद्या गाव सोडतो."

अम्माने शेवटचं बटण लावलं. म्हणाली, "ओलाच यायचा होता तो. कोरडा आला असता तर मी ओळखलं नसतं." मग बाहुल्याकडे बघून, आपण उशिरा घरी आलेल्या नवऱ्याला म्हणतो ना अगदी तसं म्हणाली, "किती उशीर, स्टाइनी. कॉफी कधीच गार झाली." आणि रडली. लेफी रडला, मीही रडले, आणि लारूस तर आमच्यापेक्षा मोठ्याने रडले.

त्याच आठवड्यात तो कोट आपण चर्चमागे पुरला. पेंढ्यासकट. आर्नींनी प्रार्थना म्हटली, या वेळी घोंगडीशिवाय. केक होता, लेपाशिवाय. घरी आल्यावर अम्माने निळ्या काठाचा कप धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला. मग तळ्याकडच्या खिडकीचा पडदा सरकवला आणि म्हणाली, "काचा किती घाण झाल्यात, लेस्या. पुसायला हव्यात." आम्ही दोघींनी मिळून पुसल्या. पुढे बाकीच्या चार घरांनीही आपापल्या सवडीने आपापला माणूस पुरला. क्लबच्या नियमाप्रमाणे पाचही सभासदत्वं रीतसर संपली.

सिनेमा पहिल्यांदा इथेच दाखवला, दोन चादरी जोडून. अम्माने दिलेलं परीक्षण असं होतं: "लांब आहे. पण तो छान दिसतो." नंतर तो कुठल्या कुठल्या शहरांत गेला, टाळ्या मिळाल्या, कुणी म्हणालं हा खुळ्यांचा बाजार आहे, कुणी म्हणालं अद्भुत. दोन्ही खरं आहे. पण मी विचारते, असा किती मोठा कलावंत असतो ज्याच्या सिनेमामुळे एका म्हातारीच्या खिडकीचा पडदा सरकतो? कोट ओला आला हा अम्माने गुन्हा मानलाच नाही, म्हणून त्यांना गाव सोडता आलं नाही, आणि मग इतकी वर्षं त्यांनी ते सोडलंही नाही.

आता सोडतायत. डोळ्यांना कमी दिसतं, एकट्याने गोदामात राहणं बरं नाही, आस्टा म्हणते ते खरं आहे. व्हिक्टोरियाला समुद्रावर घर आहे तिचं. तिथे म्हणे हिवाळ्यातही गुलाब असतात आणि पाणी कधी गोठत नाही. आम्हाला ऐकून वाईट वाटलं. पण लेकीकडे चाललात, लारूस, आम्ही रुसणार नाही. थोडं रुसू.

बिर्ना खुणा करतेय, मासे वाळायला लागलेत. क्लबच्या कार्यकारिणीने एक निर्णय घेतला, तो जाहीर करायचा मान मला दिलाय. लारूस ओड्सन यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला होता. तो नामंजूर करण्यात आला आहे. आणि दफन झालेलं नाही, ते आपण सगळे बघतोच आहोत. तेव्हा नियमाप्रमाणे ते सभासद आहेत, आणि छताच्या ठरावावर त्यांचं मत आम्ही मोजणार.

मला बोलायची संधी दिलीत, इतका वेळ मासे गरम ठेवलेत, गुस्तीने टोपीआडून का होईना ऐकून घेतलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, काही विसरलं असेल, काही वाढवून सांगितलं असेल, तर पोटात घाला. केकवर लेप देणारी सून आहे मी, मला तेवढी सूट आहे.

फक्त एक निरोप द्यायचा राहिला. तो माझा नाही. आज सकाळी लाउगा अम्माने कपाटातून निळ्या काठाचा कप काढला आणि टेबलावर मांडला. मी घाबरले. म्हटलं, "अम्मा, हे काय?" ती म्हणाली, "लारूसला सांग. एकदा मी वाट बघितली, ती संपेल की नाही मला ठाऊक नव्हतं. आता माझ्यात तेवढा दम नाही. एप्रिलमध्ये गाडी बुडायच्या आत त्याने यायचं, खिडकीत बसायचं. कॉफी मी दुसऱ्यांदा गरम करणार नाही."

लारूस, ओले या, कोरडे या, पण या.